स्पीकर जुने नाहीत, भोक बुजवलंय

तुमच्या टेबलावर संगणकाचे जुने स्पीकर आहेत का? दोन छोटे डबे, टेबलाखाली पायाला लागणारा तिसरा मोठा डबा, आणि हिरव्या टोकाची एक वायर? असतील तर हा लेख वाचून होईपर्यंत तरी ते टाकू नका.

आमचा संच मी २००८ साली पुण्यात बुधवार पेठेतून घेतला होता. इंग्लंडला येताना स्वेटरांच्या घड्यांत गुंडाळून आणला. इथली वीज भारतासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे प्लगपलीकडे काही बदलावं लागलं नाही. (अमेरिकेतल्या मंडळींनी भारतातला ट्रान्सफॉर्मरवाला संच तिकडच्या १२० व्होल्टवर लावला तर तो जेमतेम कुजबुजेल. उलट, तिकडचा संच तसाच भारतात लावला तर धूर निघेल. तेव्हा आधी मागचं लेबल वाचा.) सतराएक वर्षं झाली, संच अजून ठणठणीत आहे.

गेल्या हिवाळ्यात चिरंजीवांसाठी गेम कन्सोल आला आणि हा संच एका दिवसात ‘जुना’ ठरला. कन्सोल टीव्हीला न जोडता त्याच्या टेबलावरच्या मॉनिटरला जोडायचा होता. मागे पाहिलं तर वीज, एचडीएमआय, नेटवर्क, यूएसबी, सगळं आहे. पण स्पीकरची गोल पिन जाईल असं भोक कुठेच नाही. दुकानात विचारलं. तिथल्या तरुणाने सहानुभूतीने सांगितलं की तसले स्पीकर आता कन्सोलला चालत नाहीत, हेडसेट घ्या. आम्ही मुकाट्याने घेतला.

त्याच सुमारास आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. नातू शाळेतून आला की त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं, तो खेळताना मधूनमधून काहीबाही विचारायचं, हा तिचा बेत. पण नातवाच्या दोन्ही कानांवर जाड गाद्या. “अरे, खाऊन घे ना थोडं,” हे वाक्य ती तीनदा म्हणायची, मग त्याच्या खांद्याला हात लावायची, मग तो दचकून एक कान उघडा करायचा आणि म्हणायचा, “व्हॉट?” आठवड्याभरात तिने खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. तक्रार केली नाही. “त्याला त्रास नको,” एवढंच म्हणाली.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी आपण समोर बसवून किती शिकवतो? फार थोडी. बाकीची त्यांच्या कानावर नुसती पडते. आपण फोनवर बोलतो, आजी स्वतःशी पुटपुटते, दोघं मिळून भाजीच्या दरावर वाद घालतो, आणि ते मूल दुसरंच काही करत असताना ऐकत असतं. रोज दोन तास ते कान बंद झाले तर काय बंद होतं, हे मला त्या रिकाम्या जागेकडे बघून कळलं. म्हणून मी त्या भोकाच्या मागे लागलो.

थोडा इतिहास बघा. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या १९९४ सालच्या सुरुवातीच्या मॉडेलवर लाल-पांढरी आरसीए भोकं थेट होती. पुढे डिजिटल आवाजासाठी प्रकाशतंतूची, म्हणजे ऑप्टिकल, जोडणी आली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर ती होती, २०१६ च्या स्लिम मॉडेलवरून काढली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनवर ती होती. २०२० मध्ये आलेल्या सीरिज एक्स आणि सीरिज एस या दोन्हींवर नाही. त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन ५ वरही नाही. निन्टेन्डो स्विचने मात्र २०१७ पासून ३.५ मिलिमीटरचं साधं भोक डोक्यावरच ठेवलंय, आणि खोबणीत बसवल्यावरही ते उघडं राहतं. स्विचवाल्या वाचकांचं काम इथेच संपलं: वायर खोचा आणि चहा घ्या.

बाकीच्यांचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतून जातो. कसा जातो ते फार मजेदार आहे.

जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवायचा आणि पुढची ओळ सुरू करायला परत डावीकडे यायचा. त्या परतीच्या वेळात पडद्यावर काही काढायचं नसे, म्हणून संदेशात तेवढी मोकळी जागा सोडलेली असे. झोत गेला, काच गेली, पण ती मोकळी जागा राहिली. फुल एचडी चित्र आपल्याला १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं दिसतं. वायरीतून मात्र २२०० गुणिले ११२५ ठिपक्यांएवढा वेळ जातो. म्हणजे सुमारे १६ टक्के वेळ पडद्यावर काहीच काढायचं नसतं. आवाजाची पाकिटं या रिकाम्या वेळात भरून पाठवली जातात.

जागा तरी किती लागते? दर सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन कान: गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १५ लाख बिट. सेकंदाला ६० चौकटींच्या फुल एचडी चित्राला जवळपास ३०० कोटी बिट लागतात. आवाज चित्राच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढाच भरतो. एसटीच्या टपावरच्या बोचक्यासारखा तो फुकट प्रवास करतो.

यावरून कंपन्यांची बाजू समजते, आणि ती अगदीच खोटी नाही. एका वायरीत चित्र-आवाज दोन्ही आले की घरोघरची गुंतागुंत कमी होते. ऑप्टिकल जोडणीतून न दाबलेला आवाज दोनच वाहिन्यांचा जातो, एचडीएमआयमधून आठ वाहिन्यांचा. शिवाय पंखे, वेगवान चिप आणि वीजपुरवठा यांनी गजबजलेल्या खोक्यात नाजूक ॲनालॉग आवाज स्वच्छ ठेवायला थोडी मेहनत लागते. हे सगळं मान्य.

पण एक गोष्ट या युक्तिवादात गाळली जाते. आवाज शेवटी ॲनालॉगच व्हावा लागतो. स्पीकरचा कागदी शंकू पुढे-मागे हलतो, हवा हलते, कानाचा पडदा हलतो. यातल्या कुणालाही शून्य आणि एक कळत नाहीत. कुठेतरी आकड्यांचं विजेच्या लाटेत रूपांतर करणारी चिप बसवावीच लागते. तिला डॅक म्हणतात. कन्सोलने ती बाहेर काढली म्हणून तिची गरज संपत नाही, ती फक्त तुमच्या खिशावर येते. आणि खरी गंमत पुढे आहे: प्लेस्टेशन ५ आणि आताच्या एक्सबॉक्स, दोघांच्याही हातातल्या कंट्रोलरला हेडफोनचं भोक आहे, म्हणजे डॅक आहे. बॅटरीवर चालणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या वस्तूत जे बसतं ते भिंतीवरच्या विजेवर चालणाऱ्या एवढ्या मोठ्या खोक्यात बसत नाही, हे मला पटत नाही. बसत नाही असं नाही, बसवलं नाही.

आणि बसवलं नाही की दुकानातला तरुण प्रामाणिकपणे सांगतो की तुमचे स्पीकर चालत नाहीत. चालणारे स्पीकर कचऱ्यात जातात, हेडसेट विकला जातो. यामागे कट आहे असं मी म्हणत नाही. कटाची गरजच नाही, सगळ्यांनी आपापली सोय बघितली की एवढं होतं.

आता उपाय. सगळ्यात सोपा उपाय बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणजे मॉनिटरच्या पाठीमागे. बऱ्याच मॉनिटरवर एचडीएमआयच्या शेजारी हेडफोनचं चित्र काढलेलं एक छोटं भोक असतं. वायरीतून आलेल्या आकड्यांतून मॉनिटर आवाज वेगळा काढतो आणि या भोकातून बाहेर देतो. तुमच्या स्पीकरची हिरवी पिन तिथे घाला. आमच्या मॉनिटरला ते भोक होतं, आणि आठ वर्षं मी ते कधी पाहिलं नव्हतं! दोन खबरदाऱ्या: काही मॉनिटरवर तसंच दिसणारं भोक आवाज आत घेण्याचं असतं, तेव्हा चित्र नीट बघा, आणि एचडीएमआयवरून डीव्हीआयमध्ये बदलणारा जोड मध्ये असेल तर तिथे आवाजावर भरवसा ठेवू नका, कारण डीव्हीआय मुळात फक्त चित्रासाठी आहे.

मॉनिटरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त करायचं ते स्पीकरच्या बटणाने करा. उलट केलंत, म्हणजे मॉनिटर हळू आणि स्पीकर पूर्ण, तर वाटेत वायरीने गोळा केलेली खरखरही स्पीकर तितक्याच निष्ठेने मोठी करून ऐकवेल.

आमची पुढची अडचण अशी की तेच स्पीकर संगणकालाही हवे होते. घरात एक ‘वाय’ वायर पडलेली होती, एकाचे दोन करणारी. मी ती उलटी लावली, दोघांचा आवाज एकत्र करायला. हे करू नका. एका भोकातून दोन हेडफोनना आवाज वाटणं ठीक आहे, कारण तिथे देणारा एक आणि घेणारे दोन. उलट लावली की दोन देणारे एकमेकांसमोर येतात. संगणकाच्या भोकाचा अंतर्गत रोध थोडा, मॉनिटरच्याही भोकाचा थोडा, स्पीकरचा मात्र हजारो ओहम. विजेला सोपी वाट एकमेकांच्या पोटातून मिळते. आवाज बारीक होतो, फाटतो, आणि आतल्या चिपवर नको तो भार येतो. त्याऐवजी दोन आत-एक बाहेर असा साधा खटका किंवा छोटा मिक्सर घ्या. खटक्यात वीजही लागत नाही.

खटका आणला, आणि भुणभुण सुरू झाली. गेम बंद, कन्सोल बंद, तरी स्पीकरमधून बारीक घुंऽऽ. संगणकावर माउस हलवला की तिचा सूर बदलायचा. आई म्हणाली, “माशी अडकलीय का रे यात?”

ही माशी बहुतेक घरांत असते. तिचं नाव ग्राउंड लूप. संगणक आणि मॉनिटर चित्राच्या वायरीच्या धातूच्या आवरणाने आधीच जोडलेले असतात. त्यात तुम्ही दोघांकडून आवाजाच्या वायरी आणून खटक्यात एकत्र केल्या की जमिनीच्या, म्हणजे शून्य पातळीच्या तारेचं एक बंद वेटोळं तयार होतं. (स्वस्तातला खटका डाव्या-उजव्या तारा तोडतो, जमिनीची नाही.) या वेटोळ्यात आसपासच्या विजेमुळे बारीकसा प्रवाह फिरतो, संगणकाच्या चिपच्या कामाचा पडसादही त्यात मिसळतो, आणि स्पीकर त्यालाच गाणं समजून वाजवतो. इंग्लंड-भारतात ही गुणगुण ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत येते, अमेरिकेत ६० आणि त्याच्या पटींत. कान चांगला असेल तर गुणगुण ऐकून आपण कुठल्या देशात आहोत ते सांगता येईल.

यावर एक जुना घरगुती उपाय सांगितला जातो: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. गुणगुण खरंच थांबते. पण ती पिन गुणगुणीसाठी नसून, आत कुठे तार सुटून डब्याला लागली तर तुमचा जीव वाचावा म्हणून असते. तिला हात लावू नका. योग्य उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, प्रत्येक कानाला एक. आवाजाची लाट चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, पण तांब्याची तार तुटलेली असते, त्यामुळे वेटोळं उरत नाही. अगदी खालचे सूर किंचित बोथट होतात. आमच्या सतरा वर्षांच्या संचात ते मला तरी कळलं नाही. माशी मात्र गेली.

मॉनिटरला भोक नसेल तर? तीन वाटा आहेत. पहिली, कंट्रोलरच्याच भोकात स्पीकरची पिन. चालतं, पण वायर खोलीभर आडवी येते आणि मुलगा तावातावाने उठला की स्पीकरही त्याच्यामागे उठतात. दुसरी, यूएसबीचा छोटा ध्वनी-जोड. प्लेस्टेशन ५ आणि स्विच साधे जोड बहुधा ओळखतात, एक्सबॉक्स सर्वसाधारण यूएसबी ध्वनी-जोड घेत नाही. तेव्हा परत करता येईल अशाच दुकानातून घ्या. तिसरी वाट एचडीएमआय एक्स्ट्रॅक्टरची. हा डबा कन्सोल आणि मॉनिटरच्या मध्ये बसतो, चित्र पुढे जाऊ देतो आणि मघाची आवाजाची पाकिटं उघडून गोल भोकातून बाहेर देतो. तो लावलात तर कन्सोलच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ‘लिनियर पीसीएम’ निवडा. डॉल्बी किंवा डीटीएस ठेवलंत तर दाबलेला आवाज त्या गरीब डब्याला उलगडता येत नाही, आणि तुम्हाला शांतता तरी मिळते किंवा खरखर. शिवाय डबा कोणत्या पिढीचा आहे ते बघा. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, २.१ मधून ४८. जुन्या डब्यातून फोर-के चित्र १२० च्या वेगाने जाणार नाही, आणि मुलाला ते पहिल्या मिनिटाला कळेल.

ब्लूटूथचं काय, असं कुणीतरी विचारणारच. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स साध्या ब्लूटूथ स्पीकरला थेट आवाज देतच नाहीत. स्विच २०२१ पासून देतो. पण ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांची दिरंगाई म्हणजे स्पीकर ६८ मीटर दूर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ठेवल्यासारखं. गाणी ऐकायला हरकत नाही. गोल झाल्यावर बॅटचा टोला ऐकू आल्यासारखं वाटेल, तेवढंच!

हेडसेटला माझा सरसकट विरोध नाही. रात्री घर झोपलेलं असताना तो हवाच. मित्रांशी ऑनलाइन बोलत खेळायचं तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून पलीकडच्याला त्याचाच प्रतिध्वनी ऐकू येतो, तिथेही हेडसेटच बरा. पण तो अपवाद असावा, एकमेव मार्ग नसावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्यासाठी जे मानक दिलं, त्यात मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास असा हिशेब आहे. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा: ७८ ला २० तास, ८१ ला दहा, ८४ ला पाच. हेडसेटच्या आत मुलाच्या कानाशी किती डेसिबल चाललेत हे दारात उभ्या असलेल्या आईबापाला समजण्याचा काही मार्ग नाही. स्पीकरचं तसं नाही. फार मोठा झाला तर खालून ओरडता येतं, आणि ते ऐकूही जातं.

कंपन्यांकडे माझं मागणं छोटं आहे. पुढच्या कन्सोलवर मागच्या बाजूला ३.५ मिलिमीटरचं एक भोक द्या. ज्यांना आठ वाहिन्या हव्यात ते एचडीएमआय वापरतील. मोबाइलमधून हे भोक गेलं तेव्हा जागेचं कारण निदान ऐकून घेण्यासारखं होतं; टेबलावर पाव फूट जागा अडवून बसणाऱ्या खोक्याला ते शोभत नाही. आणि तोवर तुम्हाला दुकानात कुणी “चालत नाही” म्हणालं, तर “कुठे अडतं?” असा एकच प्रश्न विचारून बघा. अडतं ते स्पीकरपाशी नाही, पिनेपाशी.

आमच्याकडे एकूण खर्च दोन वायरी, खटका आणि ती काडेपेटी एवढाच झाला. हेडसेटच्या किमतीचा लहानसा हिस्सा. सगळं जोडून झालं त्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव फुटबॉलचा गेम खेळत होते, समालोचक इंग्रजीत आरडाओरडा करत होता. आई दारात येऊन थांबली.

“हा का एवढा ओरडतोय रे?”

“आजी, गोल झाला!”

“कुणी केला? आपण की त्यांनी?”

त्याने मान वळवून सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि खुर्ची घेऊन आली.